कॅमेरा घडविणारा कलावंत : बाबूराव पेंटर

मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या या मंगल प्रसंगी स्मरणिकेसाठी कोणावर लिहावे, असा प्रश्न आमच्यापुढे आला, तेव्हा थोरामोठ्यांची अनेक नावे डोळ्यांपुढे उभी राहिली. संत, सेनानी, समाजसुधारक यांची मराठी भूमीत वाण नाही आणि त्यांच्याविषयी अशा अंकांतून पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु आमचे हे नंदिनी नगर म्हणजे खाणीच्या आणि कारखान्याच्या आधाराने वसलेले गाव. येथील चुनखडीच्या दगडाने भिलाईच्या भट्ट्यांना दीर्घकाळ पोसले आणि त्या दगडाने व त्या पोलादाने आपल्या घरांतील चुली पेटत्या ठेवल्या. येथे ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत फिटर होते, टर्नर होते, मोल्डर होते, नकाशे काढणारे होते. कानशीने घासून घासून एखादा भाग तंतोतंत बसविण्यात जो आनंद असतो, तो या वाचकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आम्ही अशा एका माणसाचे चरित्र निवडले, की जो चित्रकार होता, शिल्पकार होता, मराठी चित्रपटाचा एक जनक होता आणि ज्याने चित्रपट काढण्यासाठी लागणारा कॅमेरा विकत न घेता आपल्या गावी, आपल्या हातांनी घडविला. ते म्हणजे कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराण्याचे आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव मेस्त्री हे कसबी कारागीर होते. लाकूड, धातू, मूर्ती, चित्र या सर्वांवर त्यांचा हात चाले. बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेची पायरी चढून पदवी मिळविली नाही. घर हीच त्यांची शाळा आणि वडिलांची हत्यारे हीच त्यांची पहिली पाटी-पेन्सिल. रंधा कसा धरावा, पोलादाला पाणी कसे द्यावे, मातीचा गोळा बोटांखाली कसा वळवावा, हे ज्या वयात मुले खेळण्यात दंग असतात त्या वयात त्यांना ठाऊक झाले. पुढे त्यांनी चित्रकला आणि शिल्पकला स्वतःच्याच साधनेने आत्मसात केली.

त्या काळचे कोल्हापूरही तसेच होते. छत्रपती शाहू महाराजांचे राज्य होते. मल्ल, गवई, चित्रकार, नट या सर्वांना तेथे आश्रय होता. अल्लादियाखाँसाहेबांसारखे गायक दरबारी होते, आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार त्या गावी राहून चित्रे काढीत होता. अशा वातावरणात बाबूराव आणि त्यांचे नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे दोन तरुण वाढले. दोघांचीही बोटे सारखीच तयार आणि दोघांच्याही डोक्यात सारखेच वेड. १९१० च्या सुमारास, म्हणजे बाबूराव विशीत असताना, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे कलावंत म्हणून या दोघांची कीर्ती होऊ लागली होती.

आजच्या वाचकाला नाटकाचा पडदा ही गोष्ट सामान्य वाटेल. परंतु संगीत नाटकाच्या त्या वैभवकाळात पडदा उघडताच प्रेक्षकांच्या तोंडून आपोआप वाहवा निघत असे. सपाट कापडावर राजवाड्याचे खांब एकामागून एक दूर जाताना दिसावेत, नदीच्या पात्रात प्रकाश हलतो आहे असे भासावे, ही किमया साधावी लागे. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी या भावांनी रंगविलेले पडदे विशेष गाजले. लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले. पाहता पाहता मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच आडनाव होऊन बसले. कसब हेच ज्याचे कुलनाम व्हावे, असा सन्मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि देशी चित्रपटाचे युग सुरू झाले. त्या चित्राने ज्यांची झोप उडविली त्यांत हे दोघे कोल्हापूरकर भाऊ होते. आजवर आपण जे पडदे रंगविले ते स्थिर होते; आता समोर पडदा होता आणि त्यावरचे चित्र चालत होते. चित्रकाराच्या मनाला याहून मोठे आव्हान कोणते असणार? आपणही चित्रपट काढावयाचा, असा निश्चय त्यांनी केला.

निश्चय सोपा होता. साधने मात्र नव्हती. फाळके यांनी विलायतेला जाऊन कॅमेरा आणला होता. या भावांपाशी विलायतेची वाट नव्हती आणि तेवढा पैसाही नव्हता. तेव्हा त्यांनी प्रथम चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय पत्करला. प्रक्षेपक हाती आला, आणि ज्याच्या रक्तातच कारागिरी आहे त्याच्या हाती यंत्र आले म्हणजे ते उघडून पाहिल्यावाचून त्याला चैन कसे पडणार? प्रक्षेपक आणि कॅमेरा ही एका अर्थी सख्खी भावंडे होत. एकात फितीवरील चित्र प्रकाशाच्या साहाय्याने बाहेर पडते, दुसऱ्यात बाहेरचे चित्र प्रकाशाच्याच साहाय्याने फितीवर उमटते. फीत पुढे सरकविण्याचे तत्त्व दोहोंतही तेच. म्हणजे प्रक्षेपक समजला की कॅमेऱ्याची निम्मी वाट सापडली.

उरलेली निम्मी वाट किती बिकट होती, हे आपल्या कारखान्यांत काम केलेल्या वाचकांनी क्षणभर लक्षात घ्यावे. चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे. एका चित्राला प्रत्येक बाजूस चार छिद्रे, आणि एका फुटात १६ चित्रे. मूकपटाच्या काळी दर सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत, म्हणजे सेकंदाला एक फूट फीत सरकत असे. पण ती सरळ वाहून चालत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर पूर्णपणे थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे, आणि झडप मिटलेली असतानाच एका लहानशा आकड्याने छिद्रात शिरून फीत पुढे ओढली पाहिजे. हे सारे एका सेकंदात १६ वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून! त्यात फीत केसाच्या जाडीइतकी जरी इकडची तिकडे बसली, तरी मोठ्या पडद्यावर ती चूक सुमारे २०० पटींनी वाढते आणि चित्र थरथरू लागते. दंतचक्रांचे दात, आकड्याची चाल, झडपेचा वेळ यांपैकी एकही गोष्ट चुकली तर सगळी मेहनत वाया.

अशा यंत्राची जुळणी दोन पडदे रंगविणारे तरुण कोल्हापुरात बसून करू पाहत होते. साचे करावेत, भाग कातावेत, जोडावेत, बिघडले की पुन्हा मोडावेत, असा क्रम चालला. त्यांतच १९१६ साली आनंदराव निवर्तले. ज्याच्या बरोबरीने स्वप्न पाहिले, ज्याच्या बरोबरीने पडद्यावर रंगाचा पहिला हात मारला, तोच साथीदार अर्ध्या वाटेवर निघून गेला. त्या वेळी बाबूराव सव्वीस वर्षांचे होते. कॅमेरा अपुरा, पैसा अपुरा आणि सोबतीचा भाऊ गेलेला. येथे एखादा दुसरा असता तर पुन्हा पडदे रंगविण्याकडे वळला असता. त्यात कमाई होती, मान होता, आणि कोणी नावेही ठेवली नसती.

बाबूराव वळले नाहीत. त्यांच्याभोवती एव्हाना काही तरुण शिष्य जमले होते. त्यांतील विष्णुपंत दामले हे यंत्राच्या कामात विलक्षण तरबेज. गुरु-शिष्यांनी मिळून राहिलेले काम हाती घेतले आणि १९१८ साली कॅमेरा तयार झाला. तो चालला. आमच्या मते मराठी माणसाच्या कर्तृत्वाच्या इतिहासात हा क्षण सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे. यंत्र परदेशातून आणून ते चालविणे हे एक काम, आणि यंत्राचे मर्म जाणून ते आपल्या आळीत उभे करणे हे अगदी निराळे काम होय. पुढे चार दशकांनी भिलाईत रशियन तंत्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून जे उभे राहिले, त्याचे मोल ज्यांना कळते त्यांना कोल्हापूरच्या या लहानशा पेटीचेही मोल कळेल.

कॅमेरा झाला, पण चित्रपटाला भांडवल लागते. पहिल्या महायुद्धामुळे कोऱ्या फितीची टंचाई होती आणि भाव चढलेले होते. अशा वेळी गायिका तानीबाई कागलकर यांनी बाबूरावांच्या पाठीशी आपला पैसा उभा केला. कोणत्याही पेढीने ज्या धंद्याकडे विश्वासाने पाहिले नसते, त्यात एका कलावतीने आपली पुंजी घातली, ही गोष्ट विसरता कामा नये. या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ‘सैरंध्री’ या चित्रपटाचे काम सुरू झाले.

विषय महाभारतातील विराटपर्वाचा. अज्ञातवासात दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम. मराठी माणसाला ही कथा केवळ पुराणातली नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले होते, त्यात लोकांना कर्झनशाही दिसली होती आणि सरकारने त्या नाटकावर १९१० मध्ये बंदी घातली होती. तोच कीचक पुन्हा पडद्यावर येत होता. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. फाळके यांनी पुढे ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रात स्त्रिया आणल्या खऱ्या, पण भल्या घरच्या मंडळींना अजून तो धंदा हलकाच वाटे. बाबूरावांनी स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी असा आग्रह धरला आणि गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघी कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमागृहात ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. बाबूरावांना अजून तीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. घरी घडविलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पुण्यासारख्या चोखंदळ नगरीत पडद्यावर आले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षक हादरून गेले. चित्रपटांवर सरकारी नजर ठेवण्याची व्यवस्था तेव्हा नुकतीच अमलात येत होती आणि तो भाग पुढे गाळावा लागला. पण लोकमान्य टिळकांनी या तरुणाचे गुण ओळखले आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्याचा गौरव केला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य गेले. मराठी चित्रपटाला त्यांचा आशीर्वाद जणू शेवटच्या घटकेस लाभला.

यशाने बाबूराव थांबले नाहीत. ज्यांची कीर्ती रंगविलेल्या पडद्यांवर उभी होती, त्यांनीच चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार करण्यास आरंभ केला. कापडावरचा खांब नाटकात चालून जातो. कॅमेऱ्यापुढे त्याचे सोंग उघडे पडते. म्हणून त्यांनी खरीखुरी लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारले. प्रत्येक प्रसंगाची, वेशभूषेची, देखाव्याची चित्रे आधी स्वतः काढावयाची आणि मग काम सुरू करावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्याच पूर्वीच्या विद्येची मर्यादा ओळखून ती बाजूला ठेवणे हे किती कठीण असते, हे अनुभवी माणसे जाणतात.

१९२३ साली त्यांनी ‘सिंहगड’ काढला. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. तोवर आपल्याकडे चित्रपट सूर्यप्रकाशातच घेतले जात. तानाजीची स्वारी तर रात्रीची! बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्र उभी केली. हा चित्रपट पाहण्यास एवढी गर्दी लोटली की त्या गर्दीकडे पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जाहिरातीची मोठी चित्रेही बाबूराव स्वतः रंगवीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या त्यांच्या चित्रपटाचे भित्तिचित्र आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिचित्रांत गणले जाते.

परंतु आमच्या मनाला सर्वांत अधिक भिडतो तो १९२५ चा ‘सावकारी पाश’. देव, दैत्य आणि राजे यांच्या कथांवर लोक लुब्ध असताना बाबूरावांनी एका साध्या शेतकऱ्याची कथा निवडली. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो, एवढेच त्याचे सूत्र. ती शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधारी झोपडी आणि बाहेर भुंकणारे कुत्रे, एवढ्यावर त्या घरची सारी कळा पडद्यावर उतरली, असे ज्यांनी तो पाहिला त्यांनी नोंदविले आहे. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पडद्यावर आला तो १९५३ साली. त्याच्या २८ वर्षे आधी कोल्हापूरच्या या कलावंताने ती वाट चालून दाखविली होती. पण त्या काळच्या प्रेक्षकांना पौराणिक चमत्कारांची गोडी होती. स्वतःचेच दुःख पडद्यावर पाहण्यास फारसे लोक आले नाहीत.

वाचकहो, पोटासाठी जमीन व गाव सोडून भट्टीच्या किंवा खाणीच्या दारी येणे म्हणजे काय, हे येथे निराळे सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील कोकणातून, विदर्भातून, देशावरून असेच निघाले होते. आणि ज्यांच्या शेतांवर हा कारखाना उभा राहिला ते छत्तीसगडी शेजारीही त्याच वाटेने कामगार झाले. शंभर वर्षांपूर्वी हे जीवन चित्रपटाचा विषय होऊ शकते, असे ज्याला वाटले तो आपला माणूस होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनी म्हणजे खरे पाहता एक गुरुकुल होते. तेथे पाटी पुसण्यापासून अभिनयापर्यंत सर्व कामे सर्वांना करावी लागत. बाबूराव पेंढारकर कंपनीची व्यवस्था पाहत. त्यांच्याच ओळखीने शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरसवदा तरुण १९२० साली तेथे आला, आणि झाडलोटीसह पडेल ते काम करीत शिकला. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी तेथेच कॅमेरा आणि कला यांत प्रावीण्य मिळविले. गुरूने आपली विद्या हातची राखून ठेवली नाही. १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ शांतारामांनी आणि १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, तो याच कंपनीत.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूच्या घरातून एकाच वेळी सगळे कर्ते शिष्य बाहेर पडले. त्या धक्क्यातून आणि पाठोपाठ आलेल्या बोलपटाच्या लाटेतून महाराष्ट्र फिल्म कंपनी सावरली नाही. कोणाचे चुकले, याचा निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. मुले मोठी झाली की वेगळी चूल मांडतात, आणि त्यात आनंद व दुःख सारखेच मिसळलेले असते. एवढे मात्र खरे की १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’ गौरविला गेला, तेव्हा त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल होते. आणि त्यांतील दामले म्हणजे १९१८ साली गुरूबरोबर तो पहिला कॅमेरा जुळविणारे हात होते.

बाबूरावांनी पुढे ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले, ‘सावकारी पाश’ १९३६ मध्ये पुन्हा बोलपट म्हणून काढला, १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटात शांतारामांच्या सोबत दिग्दर्शन केले. पण त्यांचे मन चित्रांत आणि शिल्पांतच अधिक रमे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांनी देह ठेवला.

आज त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले आहेत. ‘सैरंध्री’ आपल्याला पाहावयास मिळणार नाही. ‘सिंहगड’ नाही, ‘सावकारी पाश’ही नाही. ज्या माणसाने कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत सर्व काही स्वतः उभे केले, त्याच्या हातचे काम असे नाहीसे व्हावे, ही मराठी समाजाला लागलेली मोठी हानी होय. जे आपण जपून ठेवले नाही त्याबद्दल आता कोणाला बोल लावणार? मंडळांच्या जुन्या वह्या, कार्यक्रमांची छायाचित्रे, नाटकांच्या हस्तलिखित संहिता यांचेही असेच होत असते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या घरांतील कपाटे एकदा उघडून पाहावीत, एवढी विनंती आम्ही येथे करून ठेवतो.

मात्र बाबूरावांची एक ठेव अशी आहे की ती फितीवर नव्हती म्हणून नाहीशी झाली नाही. साधन नसेल तर ते घडवावे, सोबती गेला तर त्याचे अर्धे राहिलेले काम पुरे करावे, आणि आपली विद्या पुढच्यांच्या ओंजळीत मोकळ्या हाताने घालावी, ही ती ठेव. आपल्या या परमुलखातील वसाहतीत वाढणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या चित्रपट काढू म्हणेल, कोणी यंत्र घडवू म्हणेल. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे; तो घडविण्यासाठी कोणाला वर्षे घालवावी लागत नाहीत. तेव्हा त्या खिशातल्या कॅमेऱ्याने काय टिपावे, हे ठरविताना त्यांनी कोल्हापूरच्या त्या अंधाऱ्या झोपडीची आणि तिच्यातल्या शेतकऱ्याची एकवार आठवण करावी.

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.